मधली पावती उचलण्याआधी

हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या बाजार समितीतला कापसाचा भाव मोबाइलवर येतो तेव्हा त्यात तीन आकडे असतात: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. समजा आज ते ६८००, ७६०० आणि ७३०० आहेत. (या लेखातले भाव गणितापुरते धरलेले आहेत, जिथे सरकारी आकडा आहे तिथे तसं सांगितलं आहे.) आता कुणी विचारलं, की आजचा सरासरी भाव किती, तर बहुतेकांचा हात लगेच बेरजेकडे जातो. कुणी किमान आणि कमाल मिळवून दोनाने भागतो, कुणी तिन्ही मिळवून तिनाने. दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि चूक भागाकारात नाही. ६८०० ला एकच गाडी गेली की चाळीस गेल्या, हे त्या तीन आकड्यांत कुठेच नाही. सरासरी काढायला लागणारी माहितीच हाती आलेली नाही. ‘या माहितीवरून उत्तर निघणार नाही’ हेच इथलं खरं उत्तर आहे, आणि ते ठामपणे देता येणं हे एक वेगळंच कसब आहे. स्पर्धा परीक्षांत ‘माहितीची पर्याप्तता’ या नावाखाली नेमकं तेच तपासलं जातं. जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यातून जी मुलंमुली अभ्यासिकेत बसून या परीक्षांची तयारी करतात, त्यांनी हे प्रश्न कसे हाताळावेत, त्यातही सरासरी आणि मध्यकावरचे, हे या लेखात मांडायचं आहे.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. पहिलं विधान एकटं पुरेसं आहे, दुसरं एकटं पुरेसं आहे, दोन्ही मिळून पुरेशी आहेत, दोहोंपैकी कुठलंही एक पुरेसं आहे, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, एवढंच सांगायचं. उत्तराचा आकडा कुणी विचारत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटच्या अभ्यासक्रमात हा भाग दहावीच्या पातळीचा म्हणून दिलेला आहे, आणि ते खरंही आहे. आपल्या दहावीच्या गणित भाग १ मधल्या सांख्यिकीच्या प्रकरणाबाहेरचं त्यात फारसं काही लागत नाही. तरीही सूत्रं पाठ असलेली मुलं इथे गुण घालवतात, कारण शाळेतल्या गणितात माहिती नेहमी पुरेशीच असते. दिलेलं सगळं वापरायचं आणि उत्तर आणायचं, ही दहा वर्षांची सवय. इथे तीच सवय आड येते. माझं म्हणणं एवढंच आहे, की या प्रश्नांत उत्तर शोधायचं नसतं, दुसरं उत्तर शोधायचं असतं. दिलेल्या सगळ्या अटी पाळणाऱ्या दोन वेगवेगळ्या याद्या तुम्हाला रचता आल्या आणि दोन्हींतून वेगळी उत्तरं आली, तर माहिती अपुरी. अशी दुसरी यादी रचणं शक्यच नाही असं दाखवता आलं, तर पुरेशी.

हे करण्याआधी सरासरी आणि मध्यक या दोन गोष्टी हाताला वेगळ्या लागल्या पाहिजेत. पाठ्यपुस्तक सरासरीला ‘मध्य’ म्हणतं. मध्यकाशी गल्लत नको म्हणून इथे बोलीतला ‘सरासरी’ हाच शब्द ठेवतो. पाच कास्तकार कापूस विकून आले आणि त्यांच्या पाच पावत्या टेबलावर आहेत असं समजा. प्रत्येक पावतीवर क्विंटलचा दर लिहिलेला आहे. सरासरी हवी असेल तर पावत्या कशाही पडलेल्या असोत, पाची दर मिळवायचे आणि पाचाने भागायचं. क्रमाशी काही देणंघेणं नाही. एका पावतीवर शंभर वाढले आणि दुसरीवर शंभर घटले तर सरासरीला पत्ताही लागत नाही. मध्यक हवा असेल तर बेरीज नको. पावत्या कमी दरापासून जास्त दरापर्यंत रांगेत लावायच्या आणि तिसरी उचलायची. पाचव्या पावतीवरचा दर ७८०० च्या जागी ८८०० केला तरी तिसरी पावती जागची हलत नाही. म्हणजे सरासरीचा प्रश्न आला की मनात विचारायचं, ‘बेरीज कळली का?’ आणि मध्यकाचा आला की, ‘मधल्या जागेवर कोण बसलंय ते कळलं का?’ बेरजेची माहिती जागेच्या प्रश्नाला क्वचितच पुरते, आणि जागेची माहिती बेरजेच्या प्रश्नाला.

आता एक प्रश्न घेऊ. पाच गाड्यांच्या दरांचा मध्यक किती? विधान १: पाची दरांची सरासरी ७४०० आहे. विधान २: सर्वांत कमी दर ७००० आणि सर्वांत जास्त ७८०० आहे. एकेकटं विधान पुरत नाही हे लगेच दिसतं. दोन्ही एकत्र केली की मात्र मोह होतो. ७००० आणि ७८०० च्या बरोबर मध्ये ७४००, सरासरीही ७४००, मग मध्यक ७४०० शिवाय काय असणार? इथेच थांबा आणि दुसरी यादी रचा. एकूण बेरीज ३७०००. दोन टोकं काढली की उरलेल्या तीन पावत्यांसाठी २२२०० राहतात. तिन्ही ७४०० असू शकतात, मध्यक ७४००. पण ७३००, ७३०० आणि ७६०० यांचीही बेरीज २२२०० च होते, आणि तेव्हा मध्यक ७३०० येतो. माहिती अपुरी. पण एवढ्यावर समाधान मानू नका. मध्यकाला दोन्ही बाजूंनी किती ताणता येतं ते बघा, कारण खरी पद्धत तीच आहे. मध्यक जास्तीत जास्त खाली न्यायचा तर त्याच्या वरच्या पावतीला द्यायचं तेवढं देऊन टाका: ७८००. उरले १४४००, ते दोघांत सारखे वाटले की ७२००. मध्यक वर न्यायचा तर खालच्या पावतीला कमीत कमी द्या: ७०००. उरले १५२००, दोघांत वाटले की ७६००. म्हणजे या माहितीवर मध्यक ७२०० ते ७६०० मध्ये कुठेही असू शकतो. आता दुसऱ्या विधानात एक तुकडा जोडा: ‘आणि तीन गाड्यांना सारखाच दर मिळाला.’ पाचांपैकी तीन पावत्या सारख्या असतील तर रांगेत लावल्यावर मधली त्यांच्यापैकीच एक असणार, दुसरा मार्गच नाही. तो सारखा दर ७००० असेल का? तीन ७००० आणि एक ७८०० धरले तर पाचवी ८२०० येते, ती कमाल दराच्या वर जाते. ७८०० असेल तर एक पावती ६६०० येते, ती किमान दराच्या खाली जाते. म्हणून टोकांच्या मधल्या तिन्ही पावत्या सारख्या, प्रत्येकी ७४००. आता दोन्ही विधानं मिळून पुरेशी झाली. आकडा मघाच्या अंदाजाचाच आला खरा, पण मघा तो नुसता अंदाज होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो. याद्या कशाला रचायच्या, समीकरणं मोजली की झालं. अनोळखी संख्या पाच आणि समीकरण एक, म्हणजे अपुरी. हा नियम अनेक वह्यांत पहिल्या पानावर सापडतो आणि सरासरीच्या साध्या प्रश्नांत तो चालतोही. पण हे बघा. जामच्या एका जिनिंगमध्ये पाच दिवसांत रोज वेगवेगळ्या संख्येने पिकअप गाड्या खाली झाल्या, एकही दिवस रिकामा गेला नाही. मध्यक किती? विधान १: सरासरी रोज ३ गाड्या. समीकरण एकच, अनोळखी संख्या पाच, तरी विधान १ एकटंच पुरेसं आहे. गाड्या पूर्ण संख्येतच येतात, अर्धी गाडी नसते. पाच वेगवेगळ्या धन पूर्ण संख्यांची लहानात लहान बेरीज १, २, ३, ४, ५ ची, म्हणजे १५. आणि सरासरी ३ म्हणजे बेरीज नेमकी १५. दुसरी यादी उरतच नाही, मध्यक ३. यातला ‘वेगवेगळ्या’ हा एक शब्द काढा, लगेच १, १, १, ६, ६ चालेल आणि मध्यक १ होईल. म्हणून समीकरणं मोजण्याआधी प्रश्नातले शब्द मोजा: पूर्ण संख्या आहेत का, वेगवेगळ्या आहेत का, धन आहेत का, कमाल-किमान ठरलेलं आहे का. हे शब्द विधानांत नसतात, वरच्या प्रश्नात दडलेले असतात, आणि घाईत डोळा त्यांच्यावरून घसरतो.

सगळे प्रश्न ‘किती’ असंच विचारत नाहीत. काही ‘हो की नाही’ विचारतात, आणि माझ्या मते या भागातले सर्वांत मोलाचे प्रश्न तेच आहेत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. प्रश्न असा: बाजारात आलेल्या अकरा गाड्यांपैकी निदान निम्म्या गाड्यांना हमीभावापेक्षा कमी दर मिळाला का? विधान १: अकरा दरांची सरासरी ७६००. विधान २: मध्यक ७४५०. पहिलं विधान वाचलं की दिलासा वाटतो, सरासरी तर हमीभावाच्या वर आहे! पण अकराही गाड्या ७६०० ला गेल्या असतील, तर एकही गाडी हमीभावाखाली नाही. आणि दहा गाड्या ७५०० ला व एक उत्तम माल म्हणून ८६०० ला गेली असेल, तरीही सरासरी ७६०० च येते, आणि दहा कास्तकार हमीभावाखाली विकून घरी गेलेले असतात. विधान १ अपुरं. विधान २ मात्र एकटंच पुरेसं आहे: सहावी पावती ७४५० ची, म्हणजे तिच्यासकट पहिल्या सहा पावत्या ७४५० किंवा त्याखालच्या. उत्तर ठाम ‘हो’. ते ठाम ‘नाही’ आलं असतं तरी माहिती पुरेशीच ठरली असती, हे लक्षात ठेवा. ‘नाही’ म्हणजे ‘अपुरी’ असं समजून पुष्कळ जण इथे चुकतात. आता अकराच्या जागी दहा गाड्या करा आणि प्रश्न ‘निम्म्याहून जास्त’ असा करा. दहांचा मध्यक म्हणजे पाचव्या आणि सहाव्या पावतीची सरासरी. पाचवी ७३०० आणि सहावी ७६०० असली तरी मध्यक ७४५० च, पण हमीभावाखाली पाचच गाड्या. दोन्ही ७४५० असल्या तर सहा किंवा अधिक. विधान २ आता पुरत नाही. सम संख्येत मध्यक हा यादीतला खरा दर असेलच असं नाही, तो दोघांच्या मधला एक बिंदू असू शकतो.

काही जण या भागासाठी एक तयार सूत्र घेऊन येतात: बहुलक बरोबर तीन पट मध्यक वजा दोन पट सरासरी. बाजारभावातला सर्वसाधारण दर बहुलकाच्या जवळचा असतो, मग मध्यक कळला की सरासरी निघालीच, असा हिशेब. हे सूत्र अंदाजी आहे. फार एकांगी नसलेल्या मोठ्या वितरणात ते साधारणपणे जुळतं, पण कुठल्याही यादीने ते पाळलंच पाहिजे असं बंधन नाही. आणि पर्याप्ततेच्या प्रश्नात ‘साधारणपणे’ला जागा नाही. ‘सरासरी आणि मध्यक सारखे, म्हणजे संख्या समान अंतरावर’ हेही तसंच उलटं वाचलेलं. समान अंतरावरच्या संख्यांची सरासरी आणि मध्यक सारखे असतात हे खरं, पण १, ४, ५, ७, ८ यांचीही सरासरी ५ आणि मध्यक ५ आहे, अंतरं मात्र सगळी सारखी नाहीत.

बेरीज आणि जागा यांतला फरक सर्वांत उघडा पडतो तो दोन याद्या एकत्र करताना. हिंगणघाटात क्विंटलमागे सरासरी ७४०० आणि समुद्रपुरात ७२०० मिळाले. दोन्हीकडचा मिळून सरासरी दर किती? दोन्हीकडे किती क्विंटल आवक झाली हे माहीत नसताना ७३०० म्हणणं चूक. पण आवकीचे आकडे लागतातच असंही नाही. हिंगणघाटची आवक समुद्रपूरच्या तिप्पट होती, एवढं कळलं तरी पुरे: ७४०० चे तीन वाटे आणि ७२०० चा एक, उत्तर ७३५०. विधानात प्रत्यक्ष क्विंटल नाहीत म्हणून ते अपुरं ठरवू नका. प्रमाण कळलं की काम झालं. हाच प्रश्न मध्यकाचा केला तर सगळे दरवाजे बंद होतात. दोन्हीकडे तीन-तीन गाड्या, समुद्रपूरचा मध्यक ७२००, हिंगणघाटचा ७४००. समुद्रपूरचे दर ७०००, ७२००, ७२०० आणि हिंगणघाटचे ७४००, ७४००, ७५०० असतील तर सहा पावत्यांचा मध्यक ७३००. समुद्रपूरचे ७०००, ७२००, ७५०० आणि हिंगणघाटचे ७३००, ७४००, ७६०० असतील तर ७३५०. गाड्यांची संख्या नेमकी माहीत असूनही उत्तर ठरत नाही.

असे प्रश्न परीक्षेपुरतेच आहेत असं वाटत असेल तर पीक विम्याचा हिशेब पाहा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन ठरवताना मागच्या ७ वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या ५ वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात; महाराष्ट्रात तो ७० टक्के धरला गेला आहे. ७ वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे, एवढ्यावर उंबरठा निघेल का? नाही. सोबत मध्यकही १० आहे असं सांगितलं तर? तरीही नाही. सातही वर्षं १० ची असतील तर वरच्या पाचांची सरासरी १०. एक वर्ष ५ चं, पाच वर्षं १० ची आणि एक १५ चं असेल तर ११. पण सर्वांत कमी दोन वर्षांची बेरीज ११ आहे एवढंच कळलं, तर ७० मधून ११ गेले, ५९ राहिले, पाचाने भागून ११.८, आणि त्याचे ७० टक्के ८.२६. मध्यकासारखं भारदस्त परिमाण इथे उपयोगी पडलं नाही, दोन वाईट वर्षांची साधी बेरीज पडली, कारण प्रश्न बेरजेचा होता. शेतीच्या आकड्यांकडे अशा शिस्तीने बघायला शिकवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही दोन मराठी नावं आहेत; शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारं त्यांचं पुस्तक १९५४ साली निघालं.

राहिला वेळेचा आक्षेप, आणि तो हलका नाही. सीसॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. दोन-दोन याद्या रचत बसायला सवड कुठली? पण वेळ जातो कुठे ते तपासा. तो जातो उत्तराचा आकडा शेवटपर्यंत काढण्यात. सरासरीच्या प्रश्नात बेरीज कळणार हे दिसताच पेन थांबवायचं. भागाकार करून मिळणारा जादा गुण नाही. यादीसाठीही मोठे आकडे नकोत. ७४०० पासून किती वर आणि किती खाली, एवढंच धरा: शून्य, उणे शंभर, अधिक दोनशे. तीन दरांत सरासरी मध्यकापेक्षा जास्त आहे का, असा प्रश्न आला आणि विधानात वरचं अंतर ४०० व खालचं ३०० एवढंच दिलं असेल, तर दर एकही माहीत नसताना उत्तर ‘हो’ आहे. आणि अडीच गुणांच्या प्रश्नात चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, तेव्हा अंदाजाने वाचवलेली तीस सेकंदं महागात पडतात. आणखी एक सवय लावा: दुसरं विधान वाचताना पहिलं हाताने झाका. पहिल्यातली सरासरी डोक्यात राहते, नकळत दुसऱ्यात मिसळते, आणि ‘दोन्ही मिळून’च्या जागी ‘दुसरं एकटं’ला खूण होते. ‘मला दुसरी यादी सापडली नाही, म्हणजे माहिती पुरेशी का?’ असंही विचारलं जातं. न सापडणं हा पुरावा नाही. मध्यक खाली किती नेता येतो आणि वर किती, ही दोन टोकं काढा. ती एकाच आकड्यावर भेटली तरच पुरेशी म्हणा.

सरावासाठी गाइडमधलेच प्रश्न हवेत असं नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतखातेदाराकडची सरासरी जमीन १.०८ हेक्टर होती, हे विधान १. त्याच गणनेत ६८ टक्क्यांहून जास्त खातेदार १ हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणारे होते, हे विधान २. प्रश्न: जमिनीचा मध्यक सरासरीपेक्षा कमी आहे का? पहिलं विधान एकटं मधल्या जागेबद्दल काही सांगत नाही. दुसऱ्यावरून मध्यक १ हेक्टरच्या आत आहे हे कळतं, कारण रांगेत उभं केलं तर मधला खातेदार त्या ६८ टक्क्यांतच येतो. पण सरासरी किती हे माहीत नसताना तुलना कशाशी करणार? दोन्ही मिळून मात्र पुरतात. मध्यक १ च्या खाली, सरासरी १.०८. मध्यक नेमका किती हे आपल्याला कळलेलं नाही, आणि या उत्तरासाठी ते लागतही नाही: रांगेत मधोमध उभ्या असलेल्या खातेदाराकडे सरासरीएवढी जमीन नाही.